टॉवर दिसतो, सह्याद्री दिसत नाही

सेवेशी,
श्री. रा. रा. चिपकर्ते महाराज,
मुक्काम पोस्ट : डब्यावर छापलेले नाही

यांसी प्रभादेवीच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या लिनक्सवाल्याचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. पण आपण पडलात संकोची. पत्ता ठेवत नाही, फोन उचलत नाही आणि संकेतस्थळावरचं ‘संपर्क’ नावाचं बटण दाबलं की पुन्हा पहिलंच पान उघडतं. तेव्हा हे पत्र चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवतो आहे. चारचौघांनी फक्त ऐकावं. हसू आलं तर तोंडाला रुमाल लावावा, महाराज हळवे आहेत.

पहिले आभार डब्यावरच्या पेंग्विनचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शननं मुंबई आणि औरंगाबादसह देशातल्या १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचं डिजिटल प्रक्षेपण सुरू असल्याचं जाहीर केलं. केबलवाला नको, महिन्याचं बिल नको, इंटरनेट नको. अंगठ्याएवढा डोंगल लावायचा आणि हवेतला सरकारी सिग्नल फुकट पाहायचा. मी तडक लॅमिंग्टन रोड गाठला. आपल्या डब्यावर विंडोजची खिडकी होती आणि तिच्या शेजारी गुबगुबीत पेंग्विन. दुकानदार म्हणाला, ‘लिनक्सपण चालतंय साहेब, पक्षी काढलाय ना.’ चित्रकलेचे अठराशे रुपये झाले. पेंग्विन खरंच सुरेख होता.

दुसरे आभार डब्यातल्या सीडीचे. केवढी नाजूक, पापडाएवढी! माझ्या लॅपटॉपला सीडीची खाचच नव्हती, त्यामुळे ती घेऊन मी तीन घरं फिरलो. शेजाऱ्यांशी वर्षभरात झाल्या नव्हत्या तेवढ्या गप्पा झाल्या. ही ओळखपाळख आपल्यामुळे.

त्या सीडीत ‘लिनक्स’ नावाचं फोल्डर होतं आणि त्यात आपण लिहवून घेतलेला ड्रायव्हर, म्हणजे डोंगल आणि संगणक यांच्यातला दुभाषा. तो होता कर्नेल (म्हणजे लिनक्सचा गाभा) २.६.३२ साठी, म्हणजे डिसेंबर २००९ चा. माझ्या मशीनवर कर्नेल होतं ४.४. मुंजीत शिवलेला सदरा आपण नवरदेवाला बोहल्यावर घालायला दिलात. बरं, चार टाके उसवून तो सैल करावा, तर आपण कापड दिलंच नव्हतं. मूळ कोड नाही, नुसती तयार बायनरी. लिनक्सचं कर्नेल दर दोन-अडीच महिन्यांनी नवं येतं आणि त्याची आतली शिवण बदलत राहते. कर्नेलच्या घरात राहणारे ड्रायव्हर त्याच्याबरोबर वाढतात, कारण बदल करणारा माणूस त्यांचेही टाके सोबत घालून देतो. बाहेर ठेवलेल्या ड्रायव्हरला कोण विचारणार? आपला ड्रायव्हर सहा वर्षं उंबऱ्याबाहेर उभा होता. सोशिकपणा घ्यावा तर असा.

त्या पहिल्या संध्याकाळी आमचे बाबा गॅलरीत अँटेना धरून उभे होते. आमच्या गॅलरीतून, दोन टोलेजंग इमारतींच्या फटीतून, दूरदर्शनचा वरळीचा ३०० मीटर उंच मनोरा दिसतो. सह्याद्री वाहिनीवरच्या सातच्या बातम्यांची वेळ झाली. बाबा तिथूनच ओरडले, ‘टॉवर दिसतो रे, सह्याद्री दिसत नाही!’ मग म्हणाले, ‘इतका जवळ आहे की हाक मारली तर निवेदिका ओ देईल.’ महाराज, एका निवृत्त माणसाला आपण सलग तीन संध्याकाळी मोकळ्या हवेत उभं केलंत. त्यांचा खांदा धरला, पण हवा चांगली मिळाली.

तिसरे आभार आपल्या लाजेचे. ड्रायव्हर शोधायचा तर आत कुठली चिप आहे ते कळायला हवं. असल्या डोंगलमध्ये साधारण तिघांचा संसार असतो. एक ट्यूनर, तो हव्या त्या लहरी निवडतो. एक डिमॉड्युलेटर, तो त्या लहरींचे आकडे करतो. आणि एक यूएसबीचा पूल, तो हे आकडे संगणकापर्यंत पोचवतो. मी नेलकटरनं प्लास्टिक उचकटलं. बघतो तर डिमॉड्युलेटरच्या पाठीवरचं नाव कानशीनं घासून काढलेलं! नव्या नवरीनं सुद्धा इतकं लाजू नये. ती निदान उखाण्यात तरी नाव घेते. आपल्याकडून मी उखाणा वदवून घेतला तो विंडोजच्या ड्रायव्हरमधून. त्याच्या सेटअप फाईलमध्ये चिपचं नाव उघडंबोडकं पडलं होतं. पदर एका खांद्यावर सावरला की दुसरीकडून घसरतो तो असा.

नाव कळल्यावर आणखी एक शोध लागला. त्या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच होता! आपण दिलेला नव्हे, हे सांगणे न लगे. कुणीतरी आपल्या घरी बसून, नोकरी सांभाळून, फुकट लिहिलेला. मी आनंदानं डोंगल खोचला. पडद्यावर ओळ आली की फर्मवेअरची फाईल सापडत नाही, एरर वजा दोन. आपल्या चिपला दर वेळी वीज मिळाली की तिचा कार्यक्रम नव्यानं भरवावा लागतो, तोच हा फर्मवेअर. तो आपल्या मालकीचा. वाटायची परवानगी आपण कुणालाच दिली नाही, म्हणून तो लिनक्सबरोबर येत नाही. चिप मी विकत घेतली होती, तिचा प्राण आपल्याकडे तारण होता. गोष्टीतल्या राक्षसाचा असतो तसा, पोपटात.

हा पोपट पकडण्याची जुनी रीत लिनक्सवाल्यांकडे आहे. कर्नेलच्या कोडबरोबर पर्ल भाषेतली एक स्क्रिप्ट वर्षानुवर्षं येते. ती वेगवेगळ्या कंपन्यांचे विंडोज ड्रायव्हर उतरवून घेते, त्यांची गाठोडी सोडते आणि अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंतचा तुकडा कापून बाजूला ठेवते. फणसातून गरे काढतात तसंच हे काम. आपला फणस त्या स्क्रिप्टच्या यादीत नव्हता, म्हणून मी हातानंच कापायला बसलो. कुठून चिरायचं ते एका परक्या माणसानं लिहून ठेवलं होतं. दोन रात्री गेल्या. चीक हाताला अजून आहे. कोकणातल्या माझ्या आजीला आपण अभिमान वाटेल असं काम दिलंत.

तिसऱ्या रात्री पडद्यावर ‘लॉक’ असा शब्द आला. बाबांनी घाबरून विचारलं, ‘कुलूप लागलं?’ म्हटलं, बाबा, या धंद्यात कुलूप लागलं की दार उघडतं. सिग्नल पकडीत आला होता. सह्याद्री दिसला. बाबा अँटेना खाली न ठेवताच बातम्या बघायला बसले.

चौथे आभार आपल्या कल्पकतेचे, आणि यात माझा स्वतःचा गाढवपणाही आहे. उत्साहाच्या भरात मी औरंगाबादच्या मावसभावाला तोच डोंगल घ्यायला लावला. तोच डबा, तेच मॉडेल, तोच पेंग्विन. संगणकाला डोंगल स्वतःची ओळख सांगतो तो यूएसबीचा क्रमांकही तोच. आत मात्र दुसऱ्याच कंपनीचा डिमॉड्युलेटर! दोन महिन्यांत आपल्याला कुठेतरी स्वस्त चिप मिळाली असावी. आधार कार्ड तेच, माणूस दुसरा. मावसभावाकडे माझ्या शब्दाला जी थोडीफार किंमत होती, ती आपण जागेवर वसूल केलीत. त्यानं डोंगल विंडोजला लावला, चालला आणि मला फोन करून म्हणाला, ‘तुझा पेंग्विन बर्फात ठेव.’

आता एक शंका, लहान तोंडी मोठा घास. हे सगळं आपण लपवलंत ते नेमकं काय? डीव्हीबी-टी२ हे गुपित नव्हे. युरोपच्या दूरसंचार मानक संस्थेनं २००९ मध्ये ते ईएन ३०२ ७५५ या क्रमांकानं छापलं, कुणीही फुकट उतरवून घ्यावं. दूरदर्शनचा सिग्नल हे गुपित नव्हे, तो देशाच्या पैशानं देशासाठी सोडलेला. आपल्या चिपचं पोट कसं कापलं आहे, हे आम्ही कधी विचारलंच नाही. आम्ही मागितली ती एक यादी. चिपच्या आत आकडे ठेवायचे खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. मेगाहर्ट्झ बदलायचे तर कुठल्या रजिस्टरमध्ये काय लिहायचं, एवढंच हवं होतं. शाळेतला शिपाई सुद्धा हजेरीचं रजिस्टर इतकं छातीशी धरत नाही.

आणि या यादीनं प्रतिस्पर्ध्याचा काय फायदा होणार होता? रिक्षाचं हँडल कुणीकडे वळवायचं हे कळलं म्हणून कुणाला रिक्षा बनवता येत नाही. पण आपण सावध. कुणी हँडल पाहू नये म्हणून गिऱ्हाइकाला मागच्या सीटवरूनच रिक्षा चालवायला लावलीत.

यावर आपण म्हणाल, लिनक्ससाठी माणसं ठेवायची तर खर्च येतो. खरं आहे. म्हणूनच कर्नेलच्या कारभाऱ्यांपैकी ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी जानेवारी २००७ मध्ये साऱ्या कंपन्यांना जाहीर सांगितलं होतं की माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो, फुकट सांभाळतो. गुप्ततेचा करार हवा असेल तर त्याचीही सोय करतो. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्या या जगात आपण एकटे निघालात ज्यांनी फुकटालाही नाही म्हटलं. असा निःस्पृह माणूस आता संतचरित्रांतच सापडतो.

लिनक्सचं आपल्याला वावडं असेल म्हणावं, तर तसंही नाही. दिवाणखान्यातले कितीतरी सेट-टॉप बॉक्स आतून लिनक्सवरच चालतात, आणि आपल्यासारख्यांच्या चिपा त्यांत जातात. हजारोंनी चिपा उचलणाऱ्या कारखान्याला लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो, तोही चकटफू. एकच चिप घेणाऱ्याला पेंग्विनचं चित्र मिळतं. पंगतीत ताट बघून वाढणारे पुष्कळ पाहिले. ज्याच्या विहिरीचं पाणी प्यायचं त्यालाच पाणी नाही म्हणणारे आपणच.

साऱ्याच कंपन्या आपल्याइतक्या थोर नसतात, हेही नमूद करतो. सियानो नावाची एक इस्रायली कंपनी मोबाइल टीव्हीच्या चिपा बनवायची. तिनं स्वतःचा कोड लिनक्सला दिला, तो २००८ पासून कर्नेलमध्ये आहे. फर्मवेअर वाटायचा परवानाही दिला. त्या फायलींची नावं वाचण्यासारखी आहेत. एकाच ‘नोव्हा’ चिपसाठी एक फाईल डीव्हीबीची, म्हणजे युरोपची. दुसरी आयएसडीबी-टीची, म्हणजे जपान-ब्राझीलची. तिसरी टी-डीएमबीची, म्हणजे कोरियाची. सिलिकॉन तेच, फाईल बदलली की देश बदलला. अशा चिपेत फर्मवेअर अडवून ठेवणं म्हणजे एका माणसाच्या तीन भाषा कापून घेणं. सियानोनं जीभ शाबूत ठेवली. व्यवहारज्ञान कमी, दुसरं काय?

त्या मोबाइल टीव्हीचं पुढे काय झालं, ते आपण जाणताच. डीव्हीबी-एच नावाची पद्धत फोनवर टीव्ही आणणार होती. २००७ मध्ये दूरदर्शननं दिल्लीत चाचणी घेतली, २००८ मध्ये युरोपीय आयोगानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि चार-पाच वर्षांत बहुतेक देशांतले तिचे प्रक्षेपक बंद पडले. बाजार गेला, फोन गेले. कर्नेलमधला उघडा कोड मात्र अजून नांदतो आहे. झाकलेला ड्रायव्हर त्याच्या मालकाबरोबर सती जातो. ही प्रथा आपल्या धंद्यात अजून बंद झालेली नाही, हे आमच्या समाजसुधारकांच्या लक्षात आणून द्यायला हवं.

आपल्या गल्लीतल्या रिअलटेकचाही एक किस्सा ऐकवतो. त्यांची आरटीएल२८३२यू ही साध्या डीव्हीबी-टीची स्वस्त चिप. दूरदर्शनच्या टी२ पुढे ती बहिरी. पण एफएम रेडिओ लावताना ती एक चलाखी करायची. रेडिओ स्वतः न सोडवता हवेतल्या लहरींचे कच्चे आकडेच संगणकाकडे ढकलायची आणि म्हणायची, तूच बघ बाबा. एरिक फ्राय, फिनलंडचे अँटी पालोसारी अशा मंडळींच्या हे लक्षात आलं आणि २०१२ मध्ये त्यातून आरटीएल-एसडीआर उभं राहिलं. हजारो रुपयांच्या रेडिओचं काम टीव्हीचा डोंगल करू लागला. लोक त्यावर डोक्यावरून जाणारी विमानं १०९० मेगाहर्ट्झवर टिपतात. इथे टीव्हीसाठी ज्याला कुणी विचारेना, तो मौजेसाठी जगभर खपला. जाहिरातीचा एक पैसाही न घालता. अशी आपत्ती आपल्यावर कोसळू नये, म्हणूनच आपण नावं घासून काढता ना? दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

आता शेवटचे आभार, आणि हे मात्र मनापासून.

२०१८ च्या दिवाळीत मावसभाऊ आमच्याकडे आला. जुना लॅपटॉप जाऊन नवा आला होता, विंडोज १० वाला. त्यावर आपला विंडोजचा ड्रायव्हर बसेना. त्यानं आपल्याला लिहिलं. आपण उत्तर दिलंत, खोटं कशाला बोलू, दुसऱ्याच दिवशी दिलंत : ‘नवीन मॉडेल खरेदी करावे.’ त्यानं तो डोंगल, चकली मोडून टाकावी तसा, माझ्यापुढे टाकला. ‘घे, तुझ्या पक्ष्याला खेळायला.’

मी तो माझ्या मशीनला खोचला. ड्रायव्हरची सीडी नाही, फणस नाही, नेलकटर नाही. दरम्यान कुणीतरी विंडोजच्या जिवंत ड्रायव्हरला आभासी यंत्रात बसवून, यूएसबीच्या तारेतून जाणारा एकेक आकडा टिपून, कुठल्या खणात काय जातं याची यादी नव्यानं तयार केली होती. जी यादी आपल्या टेबलाच्या खणात आठ-दहा पानांत टाचून पडली असेल, ती त्या माणसानं कित्येक रात्री जागून हवेतून वेचली. आणि कर्नेलच्या घरात नेऊन ठेवली, आता तिचे टाके कुणी ना कुणी घालत राहील. पडद्यावर ‘लॉक’ आलं. आपण ज्याचं श्राद्ध घातलंत, तो ऐन दिवाळीत फराळाला उठून बसला.

मावसभाऊ काही बोलला नाही. त्यानं दुसरी चकली घेतली.

बाबांनी सह्याद्री लागलेला पाहिला आणि विचारलं, ‘कंपनीनं शेवटी सुधारलं वाटतं?’

म्हटलं, ‘नाही. कुणी परक्या माणसानं केलं. फुकट.’

‘नाव काय त्याचं?’

मी ड्रायव्हरची फाईल उघडून दाखवली. लिनक्समध्ये लिहिणाऱ्याचं नाव आणि ईमेलचा पत्ता फाईलच्या डोक्यावर लिहितात. तिथे कानस लागलेली नव्हती.

बाबा म्हणाले, ‘पत्ता दिलाय की. मग त्याला आभाराचं पत्र टाक.’

टाकलं. चार ओळींत संपलं. त्यातून जे उरलं ते आपल्याला लिहितो आहे, आणि ते इतकं लांबलं याची क्षमा असावी.

जाता जाता एक विनंती. सिम आणि इंटरनेटशिवाय थेट फोनवर टीव्ही आणायचा, अशी तयारी आपल्याकडे पुन्हा सुरू आहे. प्रसार भारती, आयआयटी कानपूर, बंगळूरूची सांख्य लॅब्स यांनी त्याच्या चाचण्या केल्या आहेत. म्हणजे पुन्हा चिपा येणार, पुन्हा डोंगल येणार, आणि कुठल्याशा डब्यावर एक पेंग्विन येणार. तेव्हा तेवढी आठ-दहा पानं आपल्या खणातून बाहेर काढावीत. जमत नसेल तर पेंग्विन तरी काढू नये. गरीब पक्षी आहे, त्याला उडता येत नाही. आपण म्हणाल तिथे तो मुकाट उभा राहतो.

बाबांचा खांदा आता बरा आहे. आपल्या घरी वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपलं कृपाभिलाषी,
एक चिप घेणारं गिऱ्हाईक

ता. क. : हे पत्र उघडायला वेगळा फर्मवेअर लागत नाही. ते कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं, दुरुस्त करावं, पुढे पाठवावं. आपणही.